शाळेने विचारलंय, बंदूक बाळगाल का? नाव देऊ की नको?

खडूफळा
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी ओहायोत एका छोट्या गावातल्या सरकारी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. गाव म्हणजे अगदी गावच, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, शेरीफची गाडी यायला वीस मिनिटं धरायची आणि बर्फ असेल तर विचारूच नका. गेल्या आठवड्यात सुपरिटेंडंटची (इथल्या शाळांच्या डिस्ट्रिक्टचे प्रमुख) सगळ्या स्टाफला ईमेल आली की शाळेच्या बोर्डाने काही निवडक लोकांना शाळेत लपवून पिस्तूल बाळगायची परवानगी द्यायचं ठरवलंय, ज्यांची इच्छा असेल त्यांनी खाजगीत नाव कळवावं, कोणाकोणाची निवड झाली ते जाहीर होणार नाही, ट्रेनिंगचा खर्च शाळेचा आणि वर थोडं मानधन.

बाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे आधीपासून काही शाळा असं करत होत्या, पण २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळेत शस्त्र बाळगणाऱ्या माणसाला पोलिसाचं मूळ प्रशिक्षण हवं, म्हणजे ७०० हून जास्त तास, नाहीतर पोलिसातला २० वर्षांचा अनुभव. मग २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला, गव्हर्नर डिवाइन यांनी सही केली आणि ७०० चे झाले २४. चोवीस तास आणि नंतर दरवर्षी आठ.

आता माझी गंमत अशी की मला नाव द्यावंसं वाटतंय. नाशकात कॉलेजला असताना एनसीसीत होते, पॉइंट टू टू रायफलवर नेम बरा होता, कॅम्पात एक पदकपण मिळालंय (ते आईने शोकेसमध्ये ठेवलंय). नवरा सरळ नाही म्हणतोय. आई फोनवर म्हणाली, गणित शिकवायला बंदूक लागते तर तू काय चंबळच्या खोऱ्यात राहतेस का. शुक्रवारपर्यंत... म्हणजे या नाही, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ज्यांनी लायसन काढलंय, ट्रेनिंग केलंय, किंवा ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत त्यांनी लिहा. पार्टीपॉलिटिक्स नको प्लीज.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

झेडपी_मास्तर
आम्ही सातारा जिल्ह्यात आत्तापर्यंत जनगणना केली, मतदार याद्या केल्या, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या, खिचडीचे तांदूळ मोजले. एवढंच राहिलं होतं. कृपया आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांना हा धागा दाखवू नका, उद्या परिपत्रक निघेल आणि बंदूक स्वखर्चाने आणा म्हणतील.

बाकी आमच्या वेळी शस्त्र म्हणजे डस्टर. शेवटच्या बाकावरच्या पोराला मारायचो, ते पोरगं वाकायचं आणि लागायचं पुढच्याला.

खडूफळा
मास्तर 😄 तुमचा हा शेवटचा मुद्दा माझा नवरा जरा वेगळ्या शब्दांत मांडतोय.

ह्युस्टनकर
लपवून पिस्तूल बाळगायचं टेक्सासचं लायसन माझ्याकडे आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी शिक्षक नाही, पण कोर्सला आमच्या बॅचमध्ये दोन शिक्षिका होत्या.

लायसन मिळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हे आधी डोक्यात घ्या. वर्ग चार ते सहा तासांचा, बहुतेक वेळ कायदा, कुठे नेता येतं कुठे नाही, वाद झाला तर काय करायचं. मग नेमबाजी, एकूण ५० गोळ्या. ३ यार्डावरून २०, ७ यार्डावरून २०, १५ यार्डावरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. आता ३ यार्ड म्हणजे किती, तर आपल्या घरात ओट्यापासून फ्रिजपर्यंत. आमच्या बॅचमध्ये एक आजी होत्या, आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलेलं, त्यापण पास. मला फार अभिमान वाटला होता स्वतःचा, आजी पास झाल्यावर जरा कमी वाटला.

कागद हलत नाही. कागद ओरडत नाही. कागदाच्या मागे पोरं पळत नसतात.

टेक्सासमध्ये शाळांसाठी दोन वाटा आहेत. एक गार्डियन, म्हणजे शाळेच्या बोर्डाने लेखी परवानगी दिली की लायसनवाला माणूस शाळेत बाळगू शकतो. हॅरल्ड नावाच्या एका अगदी चिमुकल्या शाळा-डिस्ट्रिक्टने २००७ मध्येच हे सुरू केलं, त्यांचंही कारण तुमच्यासारखंच, पोलिस लांब. दुसरी वाट २०१३ ची, स्कूल मार्शल, तिथे ८० तासांचं ट्रेनिंग आणि मानसिक तपासणी. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे "टेक्सासात शिक्षक बंदूक बाळगतात" हे वाक्य कोणी टाकलं तर आधी विचारा, कुठला शिक्षक.

आता काम की बात. नाव देण्याआधी एक करा. पाऊण किलो वजनाची काहीतरी वस्तू कमरेला कपड्याच्या आत खोचून शाळेचा एक अख्खा दिवस काढा. खरंच सांगतोय. मी लायसन मिळाल्यावर उत्साहाने आठवडाभर बाळगलं आणि मग तिजोरीत ठेवलं ते आजतागायत तिथेच आहे. गाडीत बसताना टोचतं, वाकलं की शर्ट वर जातो, टॉयलेटमध्ये ते ठेवायचं कुठे हा रोजचा प्रश्न.

वाकडी_वाट
ताई बिनधास्त नाव द्या. सगळे तुम्हाला घाबरवतील. मी सरळ विचारतो, शाळेच्या दारावर "शस्त्रमुक्त क्षेत्र" अशी पाटी वाचून कुठला माथेफिरू परत गेलाय आजवर?

युवाल्डे आठवा, टेक्सासमधल्या शाळेतला गोळीबार. २४ मे २०२२. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे एकूण ३७६ पोलिस जमले होते आणि ७७ मिनिटं आत शिरायला घेतली. सत्याहत्तर! आईबाप बाहेर हंबरडा फोडतायत आणि त्यांनाच अडवतायत. त्या वर्गातल्या बाईंच्या कमरेला काही असतं तर? तुमच्याकडे तर पोलिसच वीस मिनिटांवर. पोलिस येईपर्यंत हातात काय, खडू?

निवांत_नाना
@वाकडी_वाट, हेच उदाहरण मी उलट्या बाजूने देणार होतो. ३७६ माणसं, सगळी ट्रेनिंगवाली, अंगात बुलेटप्रूफ, हातात रायफली, आणि समोरच्या एका पोराच्या रायफलीला घाबरून दाराबाहेर थांबली. आणि तुमचं म्हणणं काय, तर २४ तासांचं ट्रेनिंग घेतलेली गणिताची बाई एका पिस्तुलावर ते करेल. न्यूयॉर्क पोलिसांचा रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये अभ्यास केला होता, समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या १०० पैकी १८ गोळ्या लागायच्या. राहिलेल्या ८२ कुठेतरी जातातच की. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये "कुठेतरी" म्हणजे कुठे, सांगा.

वाकडी_वाट
नाना, मग काय हात जोडून बसायचं? १८ टक्के हे शून्यापेक्षा जास्त असतात एवढं गणित ताईंना येत असेल. आणि पोलिसाला दारातून आत शिरायचं असतं, बाईला दाराकडे तोंड करून आतच थांबायचंय. दोन कामं वेगळी आहेत.

निवांत_नाना
हा मुद्दा मात्र बरोबर आहे, मान्य. पण मग ट्रेनिंग "आतच थांबा" एवढंच शिकवतं का? की बाहेर जाऊन शोधा म्हणतं?

रिकामटेकडा
नाना मान्य म्हणाले! स्क्रीनशॉट काढा कोणीतरी.

कायद्याचं_बोला
नानांच्या प्रश्नाचं उत्तर ओहायोच्या कायद्यात थोडंफार आहे. २४ तासांत नुसती नेमबाजी नाही. हल्लेखोराला थांबवणं, तणाव कमी करणं, प्रथमोपचार, नंतर मुलं पालकांच्या ताब्यात देणं, असे विषय आहेत आणि किमान चार तास प्रसंग उभे करून सराव. म्हणजे बाहेर जाऊन सामना करणंही त्यात धरलेलंय. एवढे विषय तीन दिवसांत कसे बसवतात ते तुम्हीच ठरवा, आमच्याकडे ड्रायव्हिंग शिकायला याहून जास्त लागतात. पण २४ हा राज्याने घातलेला आकडा आहे, बोर्डाला वाटलं तर ते स्वतःच्या लोकांसाठी जास्त तास मागू शकतं. खडूफळा, तुमच्या बोर्डाने किती ठेवलेत ते विचारा. आणि हेही की दरवर्षी गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते, पालकांना "आमच्या शाळेत सशस्त्र कर्मचारी आहेत" एवढं कळवावं लागतं, कोण ते नाही.

आता कोणीतरी विचारेलच म्हणून: ओहायोत जून २०२२ पासून लायसनशिवाय लपवून बाळगता येतं, मग लायसन हवं कशाला? तर शाळा. केंद्राचा १९९० चा शाळा-परिसर कायदा आहे, देशाच्या सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात तो उडवला, अमेरिकन काँग्रेसने (म्हणजे संसदेने) पुढच्या वर्षी दुरुस्त करून परत आणला. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेणं गुन्हा, अपवाद त्या राज्याचं लायसन असलेल्यांना. त्यामुळे मुलाला शाळेत सोडायला जाणारा बिनलायसनी बापसुद्धा अडकू शकतो. ओहायोचं लायसन काउंटी शेरीफ देतो, आठ तासांचा कोर्स, त्यात किमान दोन तास प्रत्यक्ष, पाच वर्षं चालतं. शाळेतल्या परवानगीचे २४ तास हे वेगळे.

गंमत म्हणजे २०२२ च्या त्या कायद्याला शिक्षक संघटनांनी विरोध केला तो केलाच, पण राज्यातल्या पोलिसांच्या संघटनेनेही केला होता. आणि कॅलिफोर्नियात बरोबर उलटं, तिथे पूर्वी डिस्ट्रिक्टचे प्रमुख लायसनवाल्याला परवानगी देऊ शकायचे, २०१७ च्या कायद्याने तीही काढून घेतली.

एच४_ची_डायरी
मी सबस्टिट्यूट टीचर आहे एच४ ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेलं वर्क परमिट). मला पण अशी ईमेल आलीय 🙈 मी उत्तर पाठवू का?

कायद्याचं_बोला
@एच४_ची_डायरी, अजिबात नाही! एच१, एच४, जे१, सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरचे. केंद्राच्या कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच मनाई आहे, शिकारीचं लायसन वगैरे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. भारतातून जे१ वर इथे शिकवायला आलेल्या बऱ्याच शिक्षिका आहेत, त्यांनीही कोणाच्या आग्रहाला बळी पडू नये. मित्राच्या रेंजवर "एकदा चालवून बघ" म्हणतात ना, तिथेही आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डची दहा वर्षांची रांग एका फोटोपायी घालवू नका.

एच४_ची_डायरी
बापरे. फोटो आहे माझा. डिलीट करते.

रिकामटेकडा
इथे सांगायचं नव्हतंत वहिनी.

टँपाची_मावशी
फ्लोरिडाचं सांगते. इथे पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर (१४ फेब्रुवारी २०१८, १७ जीव) त्याच वर्षी कायदा झाला, गार्डियन प्रोग्रॅम, त्याला कोच अ‍ॅरन फाइस यांचं नाव दिलंय. ते फुटबॉलचे कोच आणि शाळेचे सिक्युरिटीवाले, हातात काही नव्हतं, मुलांना आडोसा द्यायला मध्ये उभे राहिले आणि गेले. सुरुवातीला वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना साधारणपणे यात घेत नव्हते, २०१९ मध्ये त्यांनाही दार उघडलं. पण तास बघा, १४४. नेमबाजीत ८५ टक्के हवेत, मानसिक तपासणी, ड्रग टेस्ट, आणि एवढं केल्यावर एकदाच ५०० डॉलर. एकाच देशात एकाच कामाला एकीकडे १४४ तास आणि दुसरीकडे २४, यावरून मला वाटतं की किती पुरतात हे कोणालाच माहीत नाही, प्रत्येक राज्य आपापल्या घाईप्रमाणे आकडा ठरवतंय.

आणि पार्कलंडला शाळेत सशस्त्र पोलिस होता हे विसरू नका. तो बाहेर थांबला. त्याच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये निर्दोष सुटला. मी त्याला नावं ठेवायचे आधी. आता माझ्या मुलाच्या शाळेतल्या गार्डियनला रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणते आणि मनात येतं, याला तरी कुठे माहीत असेल वेळ आली की आपण कसे वागू.

अतिदक्षता
इमर्जन्सी विभागात नर्स आहे, पेनसिल्व्हेनिया. मोठ्या हल्ल्यांवर सगळे बोलतायत, मी छोट्यांवर बोलते, कारण आमच्याकडे तेच जास्त येतात.

यूटामध्ये लायसन असलेला शिक्षक शाळेत बाळगू शकतो, बरीच वर्षं. सँडी हुकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर लगेच, डिसेंबर २०१२ मध्ये, तिथे शिक्षकांना फुकट क्लास ठेवला तर दोनशेच्या आसपास आले होते. २०१४ मध्ये त्याच राज्यात एका प्राथमिक शिक्षिकेच्या पिस्तुलातून शाळेच्या स्टाफ टॉयलेटमध्ये चुकून गोळी सुटली, कमोड फुटला आणि तिच्याच पायाला जखम झाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एका शिक्षकाने, जो राखीव पोलिस अधिकारीसुद्धा होता, बंदुकीच्या सुरक्षिततेचा धडा देताना वर्गात छताकडे बार उडवला. चुकून. एका मुलाला किरकोळ लागलं. सुरक्षिततेचा धडा देताना!

ह्युस्टनकरांनी टॉयलेटचा प्रश्न गमतीत लिहिलाय पण तो गमतीचा नाही. हल्ला तुमच्या शाळेत बहुधा कधीच होणार नाही. टॉयलेटला तुम्ही दिवसातून तीनदा जाणार, वर्षाचे १८० दिवस.

खडूफळा, तुम्हाला काहीतरी करायचंच असेल तर रक्तस्राव थांबवायचा कोर्स करा. टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) बांधणं, जखमेत गॉझ भरून दाबून धरणं. एक-दोन तासांत शिकवतात. बाथरूममध्ये पाय घसरून काचेवर पडलेल्या मुलालाही कामाला येतो.

वाकडी_वाट
दोन अपघात शोधून काढले की झालं का? अख्ख्या देशात किती शिक्षक बाळगतायत बघा.

अतिदक्षता
तेच तर, गुप्त असल्याने मोजणार कोण?

आजोबांची_ठासणी
जरा अवांतर. आमच्या सिंधुदुर्गात घराघरात शेती संरक्षणाची बंदूक असायची, अजूनही आहेत, डुकरं-माकडं-गवे यांच्यासाठी. आजोबांची ठासणीची होती. परवाना लोखंडी पेटीत, बंदूक माळ्याला, छरे आणि दारू तिसरीकडे, आणि चावी आजीच्या कनवटीला. म्हणजे बार काढायचा तर आधी आजीला पटवायला हवं, तोपर्यंत डुक्कर बांदापलीकडे. निवडणूक लागली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा, खांद्यावर बंदुका टाकून म्हाताऱ्यांची रांग चाललेली असायची, आम्हा पोरांना ती वरातच वाटायची.

सांगायचं हे की घरात बंदूक आणि अंगावर बंदूक यात फरक आहे. आजोबांना कोणी बंदूक लावून शाळेत जा म्हटलं असतं तर त्यांनी शाळाच सोडली असती.

झेडपी_मास्तर
आजीच्या कनवटीची चावी हेच जगातलं सर्वोत्तम ट्रिगर लॉक.

निवांत_नाना
@आजोबांची_ठासणी, हे अवांतर नाही हो, हाच मुद्दा आहे. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांमधल्या हल्ल्यांचा अभ्यास काढला, त्यात बंदूक वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आणलेली होती. २०२३ मध्ये व्हर्जिनियात सहा वर्षांच्या पोराने वर्गात बाईंवर गोळी झाडली, बंदूक आईची. आजीची चावी तिथे हवी होती.

सीमोल्लंघन
पाकिस्तानात हा प्रयोग होऊन गेलाय, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर १६ डिसेंबर २०१४ ला हल्ला झाल्यावर खैबर पख्तुनख्वा सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगायची परवानगी दिली, पोलिसांनी शिक्षिकांना ट्रेनिंगपण दिलं, फोटो सगळीकडे होते. पुढच्याच वर्षी स्वातमध्ये एका शिक्षकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटून विद्यार्थी गेला. आणि इस्राएलचं उदाहरण देणार असाल तर तिथे शाळेच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतो, सरसकट शिक्षकांना बंदुका दिलेल्या नाहीत.

वाकडी_वाट
इस्राएल टाइप करतच होतो 😑

खडूफळा
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळे वाचतेय. कायद्याचं_बोला, विचारलं, आमच्या बोर्डाने २४ च ठेवलेत. एक बायकी प्रश्न, ह्युस्टनकर किंवा कोणी ताई असतील तर, बायका नक्की कुठे ठेवतात? माझ्या अर्ध्या पँटींना पट्टाच नाही आणि खिसे म्हणाल तर देखाव्याचे.

सॅन_अँटोनिओची_सून
पर्समध्ये ठेवायचं नाही हे पहिलं. पर्स खुर्चीला लटकवून आपण फळ्याकडे वळतो. आमच्या इन्स्ट्रक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं, तुमची पर्स आत्ता कुठे आहे, आणि दहाजणींतल्या सात मागे वळून बघायला लागल्या. कमरेला आतून होल्स्टर किंवा पोटाला बांधायचा पट्टा, वर सैल कुर्ता चालतो. साडी नेसायचं असेल तर विसरा. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकीने नऊवारीत लपवेन म्हणून पैज लावली होती, ओचा सुटला.

रिकामटेकडा
हसून हसून पुरेवाट. नऊवारीत तलवार शोभते, ग्लॉक पिस्तूल नाही.

सॅन_अँटोनिओची_सून
शोभण्याचा प्रश्नच नव्हता, होल्स्टर रिकामंच होतं!

संपादक_मंडळ
साडी आणि होल्स्टर यावर वेगळा धागा काढावा. वैयक्तिक शेरेबाजीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

बालवाडीच्या_बाई
टेनेसी, किंडरगार्टन. इथे नॅशव्हिलच्या शाळेतला गोळीबार मार्च २०२३ चा, तीन लहान मुलं आणि तीन मोठी माणसं, आणि एप्रिल २०२४ मध्ये गव्हर्नर ली यांनी शिक्षकांच्या शस्त्रांचं विधेयक सही केलं. लायसन, ४० तास ट्रेनिंग, मानसिक तपासणी, मुख्याध्यापक, डिस्ट्रिक्टचे डायरेक्टर आणि पोलिसांची लेखी परवानगी. पण मुलाच्या शिक्षकाकडे बंदूक आहे की नाही हे आईबापांना सांगायचं नाही. विधिमंडळाच्या गॅलरीत आया ओरडत होत्या तेव्हा.

मला एकच लिहायचंय. माझी मुलं पाच वर्षांची आहेत. ती धावत येऊन कंबरेला मिठी मारतात, कारण त्यांचे हात तिथपर्यंतच पोचतात. दिवसातून वीसदा तरी. बंदूक ठेवली तर मला प्रत्येक मिठीला अंग चोरून घ्यावं लागेल. सातवी-आठवीची मुलं मिठी मारत नसतील, पण मारामाऱ्या सोडवता ना तुम्ही?

खडूफळा
हो. मागच्याच महिन्यात सोडवली. माझ्यापेक्षा फूटभर उंच दोघं होते.

निवांत_नाना
+१ बालवाडीच्या_बाई.

पैशाचं_सोंग
विम्याचं कोणी बोललं नाही. कॅन्ससने २०१३ मध्ये शिक्षकांना परवानगी दिली, तर तिथल्या बहुतेक शाळांचा विमा ज्या कंपनीकडे होता तिने सांगितलं की शिक्षक बंदूक बाळगणार असतील तर आम्ही विमा उतरवणार नाही. विमा कंपनीला ना डावं कळतं ना उजवं, तिला फक्त जोखीम मोजता येते. ताई, तुमच्या हातून काही झालं तर वकिलाचा खर्च कोणाचा, हे लेखी मागा. तोंडी आश्वासनावर पिस्तूल घेऊ नका.

वाकडी_वाट
बरं, माझंही ऐका, मग गप्प बसतो. तुम्ही सगळे ताईंना नको नको म्हणताय पण त्या वीस मिनिटांचं उत्तर कोणी दिलेलं नाही. पोलिस ठेवा म्हणाल, तर छोट्या डिस्ट्रिक्टला त्याचा पगार परवडत नाही, म्हणून तर बोर्ड शिक्षकांना विचारतंय. रँडनेच २०२२ मध्ये शिक्षकांना विचारलं होतं (नानांना रँड आवडतं म्हणून). ५४ टक्के म्हणाले शाळा कमी सुरक्षित होईल, मान्य, पण २० टक्के म्हणाले जास्त सुरक्षित होईल. पाचातला एक. ते सगळे वेडे नाहीत. खेड्यातले असतील, खडूफळांसारखे.

निवांत_नाना
वेडे कोणीच म्हटलं नाही. वीस मिनिटांचं उत्तर माझ्याकडेही नाही.

ह्युस्टनकर
खडूफळा, ते वजनाचं केलंत का?

खडूफळा
केलं! काल. तेच लिहायला आले.

चष्म्याच्या जुन्या डबीत नाणी भरली, चिकटपट्टी लावली, किचनच्या काट्यावर बरोबर ७६० ग्रॅम. पोटाचा पट्टा (बाळंतपणानंतरचा, अजून होता) बांधला, त्यात डबी, वर सैल टॉप आणि कार्डिगन. नवरा म्हणाला काहीच दिसत नाही.

पहिल्या तासाला मी किती वेळा तिथे हात लावला ते मोजलं, अकरा वेळा. आपोआप जातो हात. पदराला जातो तसा. दुसऱ्या तासाला एका मुलीच्या वहीवर वाकून समीकरण समजावत होते तर डबी टेबलाच्या कडेवर टकाककन आपटली, दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरच्या एका कार्ट्याने सगळ्या वर्गासमोर विचारलं, मॅम, तुमच्या पोटाला काय झालंय, ऑपरेशन झालंय का? म्हणजे "लपवून" हा भाग सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी संपला. जेवणाच्या सुट्टीत काढून गाडीत ठेवली, आणि लक्षात आलं की खरी असती तर ते गाडीत ठेवणंपण एक प्रकरण झालं असतं.

पण खरं सांगू, मला त्रास वजनाचा नाही झाला. त्या पूर्ण सकाळी मी मुलांकडे वेगळ्या नजरेने बघत होते. एक जण नेहमी उशिरा येतो, हूडी डोक्यावर ओढून, तो दारात आला तर माझी पहिली नजर त्याच्या हातांकडे गेली. नाण्यांची डबी होती कमरेला, नाण्यांची! आणि तो पोरगा माझा आवडता आहे, अपूर्णांक त्याला मी दोन वर्षं घासून शिकवलेत.

सुपरिटेंडंटला उत्तर पाठवलं. बंदुकीसाठी नाव दिलेलं नाही. अतिदक्षता, तुम्ही म्हणालात त्या कोर्ससाठी नाव दिलंय आणि प्रत्येक वर्गात टूर्निकेचं किट ठेवा असं लिहिलंय. वाकडी_वाट, तुमच्या वीस मिनिटांबद्दलही लिहिलं, शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर मिळून एक अधिकारी ठेवता येईल का असं. उत्तर आलं की पैसे नाहीत, पण बोर्डासमोर ठेवतो. माझ्या ओळखीतल्या दोघांनी नाव दिलंय असं मला वाटतं, म्हणजे विचारायचं नसतं, पण एक जण गेल्या आठवड्यापासून सैल शर्ट घालायला लागलाय.

वाकडी_वाट
ठीक आहे ताई. प्रामाणिकपणे करून बघितलंत, बोलणं खुंटलं. त्या सैल शर्टवाल्याला सांगा, टॉयलेटमध्ये जपून.

झेडपी_मास्तर
त्या पोराला काय सांगितलंत शेवटी? ऑपरेशनचं?

खडूफळा
अपेंडिक्स सांगितलं. आज तिघींनी गेट वेल सूनची कार्डं आणून दिली. आता आठवडाभर हळू चालावं लागणार.